शेवटच्या गाण्यातल्या टाळ्या

माझा मित्र श्रीधर रॉक गिटार वाजवतो. त्याच्या नव्या अल्बमच्या कव्हरवर गिटार, बेस, ड्रम, गायन, सगळ्यांपुढे त्याचंच नाव आहे. दुसरं कोण असणार? कुणी तालात जरा मागे पडलं की हा भडकायचा. त्यातच बँड मोडला. फक्त शेवटच्या गाण्यातल्या टाळ्या त्याच्या बायकोच्या आहेत.

काल ते गाणं ऐकताना मी म्हटलं, "वहिनी तालाच्या पक्क्या दिसतात!"

तो हसला. "कसल्या पक्क्या! दरवेळी मागेच पडायची. शेवटी तिच्या टाळ्या ऐकत मीच ड्रम पुन्हा वाजवले."

तेव्हापासून मी तेच गाणं लावतो. बाकीच्यांपेक्षा ते जरा संथ आहे. फिरायला निघालेल्या माणसानं मागे राहिलेल्या बायकोसाठी, न सांगता, चाल कमी करावी तसं.