आर्डिथच्या वाटेवरच्या कागदी थाळ्या

आर्डिथ पाणी आणायला गावात गेली की ती परत येईपर्यंत कॉरीनला काही सुचत नसे. पुस्तक उघडायची, मिटायची. रात्री भिजवलेला राजमा शेगडीवर चढवायचा राहून जायचा. कान सगळे त्या जुन्या व्हॅनच्या आवाजाकडे. क्वार्ट्झसाइट गाव त्यांच्या वाळवंटातल्या तळापासून दक्षिणेला जेमतेम नऊ मैल. जायचं, टाक्या भरायच्या, पोस्टात डोकावायचं, यायचं. दोन तास पुरेत. तीन झाले की सोलरच्या पाट्या पुसायचं निमित्त काढून कॉरीन आपल्या व्हॅनच्या टपावर चढे आणि धुळीचा लोट कुठे दिसतोय का ते बघत बसे.

फेब्रुवारीपासून आर्डिथ विसरत होती. चष्मा, किल्ल्या सगळेच विसरतात. हे तसलं नव्हतं. खिडक्या बंद, आणि व्हॅनमध्ये शेगडी पेटती, असं दोनदा झालं होतं. मार्चमध्ये ती पाणी घेऊन निघाली ती राज्याच्या सीमेवरची नदी ओलांडून थेट कॅलिफोर्नियात पोचली.

"म्हटलं, खजूर घेऊन यावेत," संध्याकाळी परत आल्यावर ती म्हणाली.

व्हॅनमध्ये खजूर नव्हते. कॉरीनने विचारलंही नाही.

हे दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर एकवेळ समजलं असतं. पण आर्डिथ कुबिचेक! चौतीस वर्षं नेब्रास्कात शाळेची बस चालवलेली बाई. शेताशेतांतून जाणारे मातीचे रस्ते, कुठे पाटी नाही, दिवा नाही. एकदा बर्फाने रस्ताच दिसेनासा झाला, तेव्हा कडेचे तारेचे खांब मोजत मोजत तिने एकोणीस पोरं आपापल्या दारात उतरवली होती. नवरा गेल्यावर घर विकलं. मुलगा ड्वेन म्हणाला, आमच्या तळघरात चांगली खोली आहे, ये. "तळघरात बटाटे ठेवतात, आईला नाही," असं म्हणून तिने एका प्लंबरची जुनी व्हॅन घेतली, आतून स्वतः फळ्या ठोकल्या आणि वाळवंटाकडे निघून आली. त्याला अकरा हिवाळे झाले. थंडीत इथे खाली, उन्हाळ्यात वर फ्लॅगस्टाफच्या पाईनच्या जंगलात. नवं कुणी व्हॅन घेऊन आलं आणि ओढ्याच्या वाळूत चाकं रुतवून बसलं की जुनी माणसं सांगत, आर्डिथच्या मागे लाग, ती बरोबर नेईल.

मुलाचा नंबर तिने दोन वर्षांपूर्वी कॉरीनला दिला होता.

"मेले तर कर. जिवंत असताना केलास ना पोरी, तर मेल्यावर भूत होऊन येईन आणि तुझ्या चारी टायरांतली हवा काढीन."

दोघी खूप हसल्या होत्या. पण वचन ते वचन. इथे कुणी कुणाच्या घरी चुगली करत नाही. प्रत्येकाचा एक मुलगा नाहीतर एक मुलगी कुठेतरी टपून बसलेली असते, काहीतरी निमित्त मिळावं आणि म्हाताऱ्याला नाहीतर म्हातारीला उचलून न्यावं म्हणून. कॉरीनची मुलगी जनेलही दर रविवारी विचारते, "सगळं ठीक ना आई?" मागच्या थंडीत कॉरीन टपावरून पडली, बरगडी मोडली, तीन आठवडे धड श्वास घेता येत नव्हता. तेव्हाही तिने उत्तर दिलं होतं, "ठीक."

म्हणून फोन न करता कॉरीनने दुसरी युक्ती काढली. वाळवंटात कुणी पाहुणे येणार असले की वळणावळणावर खुंट्या ठोकून त्यांवर कागदी थाळ्या लावतात. वर नाव आणि बाण. कॉरीनने डांबरी रस्त्यापासून तळापर्यंत अशा सहा थाळ्या लावल्या. मोठ्या काळ्या अक्षरांत आपलं आडनाव लिहिलं, मॅबरी, आणि शाळेतल्या मैत्रिणी येणार आहेत म्हणून ठोकून दिलं.

थाळ्या उपयोगी पडल्या. आर्डिथ वेळेवर येऊ लागली. पण महिन्याभराने ती कॉफीचा मग घेऊन कॉरीनसमोर बसली आणि म्हणाली, "या तुझ्या मैत्रिणी चालत येताहेत का गं?"

शेजारच्या ट्रेलरमधला वेंडल मदतीला धावला. "अगं म्हातारे, त्यांना कुणीतरी बसवालीच घेऊन येतेय. म्हणून उशीर."

"टकल्या, माझी बस चौतीस वर्षांत दोन मिनिटं उशिरा आली नाही. वेळेआधी तर फक्त तुझे केस उतरले."

वेंडल टकलावरून हात फिरवत हसला. आर्डिथने मात्र मग खाली ठेवून दूरच्या थाळीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्या कुणासाठी होत्या हे तिला कळलं होतं की नाही, कॉरीनला कधीच समजलं नाही.

एप्रिल सरला. बहुतेक जण वर थंड हवेकडे निघून गेले. वेंडलच्या गाडीचा नवा रेडिएटर यायचा होता म्हणून हे तिघं मागे राहिले. थंडी सरली की एका जागी चौदाच दिवस राहता येतं; ते भरले तसा सरकारचा रेंजर आला. उगाच वाद न घालता म्हणाला, "सगळं ठाऊक आहे तुम्हाला. पंचवीस मैल." म्हणजे सरकारी जमिनीवरचा हा तळ उठवून तेवढं लांब जायचं. जागा ठरली गावाच्या दक्षिणेला, युमाच्या रस्त्यावर; वेंडलचा गळका रेडिएटर तेवढं निभावणार होता. सकाळी आर्डिथ म्हणाली, "मी गावातून पाणी भरून थेट तिकडे येते. आणि मागेमागे येऊ नकोस, मी काही पहिलीतलं पोर नाही."

कॉरीनने जाऊ दिलं. ती आणि वेंडल पुढे गेली, तिने नव्या वळणांवर नव्या थाळ्या ठोकल्या. जुन्या निघताना काढायच्या होत्या, पण त्याच वेळी वेंडलचा ट्रेलर वाळूत रुतला. फळ्या घाला, माती उपसा, गाडी ओढा, या गडबडीत जुन्या थाळ्या राहून गेल्या. राहिल्या आहेत हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी पारा एकशे आठ फॅरनहाइटवर. आर्डिथ नाही. फोन बंद, बॅटरी वाचवायला ती तो बंदच ठेवायची. दोघं गावात गेली. पाणीवाला म्हणाला, दहालाच भरून गेली, वीस गॅलन. मार्चमध्ये ती पश्चिमेला भरकटली होती म्हणून यांनीही पश्चिमच धरली. नदीपर्यंत, नदीपलीकडे, प्रत्येक पेट्रोल पंपावर विचारत. पोलिसांना कळवलं. त्यांनी वर्णन लिहून घेतलं आणि विचारलं, हिच्या घरचं कोण? कॉरीन म्हणाली, "मीच म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडल म्हणाला, उत्तरेला पार्कर गावच्या दवाखान्यात विचारून ये, कुणी आणून टाकलं असेल. कॉरीन गाव ओलांडून नऊ मैल गेली असेल नसेल, तोच रस्त्याच्या कडेला काहीतरी पांढरं चमकलं. थाळी. तिच्याच अक्षरातलं नाव आणि तिनेच काढलेला बाण, उजवीकडे.

तिने ब्रेक दाबला आणि बाणाप्रमाणे वळली.

जुन्या तळावर, आपल्या नेहमीच्या झाडाखाली आर्डिथची व्हॅन उभी होती. बाजूचं दार सताड उघडं. पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवलेलं, मागचेपुढचे दिवे, पोरं चढताना शाळेच्या बसचे असतात तसे, बॅटरी संपेपर्यंत मिचकावत ठेवलेले. आर्डिथ ड्रायव्हरच्या जागेवर, दोन्ही हात चाकावर. ओठ फुटलेले, चेहरा भाजल्यासारखा लाल, घाम अजिबात नाही. मागे वीस गॅलन पाणी जसंच्या तसं. एकाही कॅनचं झाकण उघडलेलं नव्हतं.

"आर्डिथ! अगं, मी कॉरीन."

"दार लावू नकोस," ती कोरड्या घशाने म्हणाली. "श्रेडरांची दोघं यायचीत अजून. रोजचा उशीर त्यांचा."

कॉरीनने रुमाल ओला करून तिच्या मानेवर ठेवला, झाकणा-झाकणाने पाणी पाजलं. प्रत्येक घोटानंतर आर्डिथ आरशात बघायची आणि म्हणायची, "उन्हात उभी असतील पोरं."

दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलं. शुद्धीवर आली ती अगदी पहिल्यासारखी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नातेवाईक कोण आहेत? आर्डिथ म्हणाली, "कुणी नाही," आणि कॉरीनकडे पाहिलं. कॉरीनने मान खाली घातली.

परत येताना गाडीत आर्डिथ एकदम म्हणाली, "तुम्हाला मी चुकले असं वाटतं ना? मी चुकले नाही. थाळ्या जिकडे म्हणाल्या तिकडे गेले. चुकलात तुम्ही."

खरंच होतं ते.

वेंडलला तर हे ऐकून हायसं वाटलं. "बघ! चूक थाळ्यांची. वर गेली, गार वारा लागला की होईल सरळ." नवा रेडिएटर एव्हाना बसला होता, म्हणून आर्डिथनेही लगेच ठरवून टाकलं: सकाळी उजाडताच फ्लॅगस्टाफला निघायचं. मी पुढे, तुम्ही मागे.

दोनशे मैलांचा रस्ता, निम्मा घाटाचा. एका बाजूला दरी.

आर्डिथची व्हॅन वेंडलने पेट्रोल घालून, बॅटरी भरून नव्या तळावर आणून ठेवली होती. सकाळी आर्डिथ तिच्या टायरांची हवा तपासत होती. कॉरीन वेंडलच्या ट्रेलरशी आली.

"मी ड्वेनला फोन करतेय."

वेंडलने हातातली दोरी टाकली. "वेड लागलं का तुला? तो येईल, किल्ल्या घेईल आणि नेऊन टाकील तळघरात. सहा महिन्यांत मरेल ती."

"आणि नाही केला तर?"

"तर इथे मरेल. उघड्यावर, आपल्या मर्जीने. तेच हवंय तिला."

"मर्जी? वेंडल, मागे वीस गॅलन पाणी होतं आणि ती तहानेने मरत होती. तिथे बसली होती ती आपली आर्डिथ नव्हती. तिला तर आपण कोण हेही ठाऊक नव्हतं."

"वचन दिलंयस तू."

"दिलंय."

"आणि तू तरी सांगतेस का तुझ्या जनेलला? बरगडी मोडली तेव्हा काय सांगितलं होतंस गं?"

ते वर्मी बसलं. कॉरीनचा चेहरा उतरला.

"नव्हतं सांगितलं," ती म्हणाली. "आणि समज उद्या मी अशी सापडले, तर तू गप्प बसशील. म्हणजे जनेलला कळेल ते पोलिसांकडून."

वेंडल दोरी उचलून पुन्हा बांधायला लागला. गाठ नीट बसेना.

फोन लागायचा तो पलीकडच्या टेकाडावर. कॉरीन चढून गेली. नेब्रास्कात आता आठ वाजले असतील, माणूस कामावर निघायच्या बेतात असेल. खाली आर्डिथ चाकाजवळून उठली, कंबर धरून सरळ झाली आणि व्हॅनमध्ये जाऊन बसली. इंजिन चालू झालं. दोनदा हॉर्न वाजला. मग तिने खिडकीतून हात बाहेर काढून चल, चल अशी खूण केली.

ती पुन्हा हसून माझ्याशी बोलेल का? कॉरीनच्या मनात आलं. बहुतेक नाही.

कॉरीनने फोन कानाशी नेला. तिसऱ्या घंटीला पुरुषी आवाज आला.

"मी कॉरीन मॅबरी," ती म्हणाली, "ॲरिझोनातून. तुमच्या आईची शेजारीण."

पलीकडे श्वास अडकल्याचं तिला ऐकू आलं. हा नंबर कशासाठी दिलेला आहे ते त्यालाही ठाऊक असणार.

"नाही, नाही," कॉरीन घाईने म्हणाली, "आधी एवढं ऐका. ती जिवंत आहे."