नागम्माच्या तोंडाशी बाटली

नागम्मा व प्रस्तुत लेखिका यांची ओळख अहमदपूरच्या प्रौढ शिक्षण वर्गात झाली. दोघी एकाच सतरंजीवर बसून अक्षरे गिरवीत. नागम्मा पाटीवर इतका जोर देई की पेन्सिल मोडे, आणि मग ती पेन्सिलीलाच शिव्या घाली.

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षी लातुरात चित्रांचे प्रदर्शन भरले. ते पाहून आलेली शेजारीण शिवकांता दारातूनच ओरडली, "नागम्माक्का, चित्रात नट्यांच्या पंगतीला बसलीस की गं! आता आमाला वळख दिशील का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी नागम्मा एस.टी.ने लातूरला गेली. चित्र भिंतभर होते. वरच्या ओळीत सिनेमातल्या नट्या हसत होत्या. खालच्या ओळीत नागम्माचा एकच चेहरा चार वेळा काढला होता: पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. कपाळावरची विभूती गुलाबी केलेली. आणि उघड्या तोंडाशी थंड पेयाची बाटली, नळीसकट.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर एका वर्तमानपत्रवाल्याने काढलेला तो फोटो होता. त्या दिवशी दुपार उलटली तरी पाण्याचे पिंप आले नव्हते. दोन बाया उन्हात कोसळल्या होत्या, आणि नागम्मा पाण्यासाठी मुकादमाच्या नावाने बोंब मारत होती.

"कोणी काढलंय हे?" तिने विचारले.

चित्रकार पुढे आला. तरुण होता, मुंबईला शिकलेला. "आजी, रागावू नका. नटी, बाटली, दुष्काळ, पेपरात सगळं शेजारीशेजारी छापून येतं. लोक बघतात, पान उलटतात. त्यावरच टीका केलीय मी."

"टीका? मंग माझ्या तोंडात बाटली कामून कोंबलीस रं? बाटली ही नटीची हौस असंल. मी काय पिऊन राहिले व्हते तिथं? धूळ!"

मागे कोणीतरी फिसकन हसले. नागम्मा गर्रकन वळली. "हस, हस! त्या पडल्याल्या बायांत तुझी माय असती, तर असाच हसला असतास का?"

चित्रकार खाली मान घालून म्हणाला, "चुकलं, आजी. आत्ताच्या आत्ता उतरवतो चित्र."

"उतरवू नगस!" नागम्मा गरजली. आपण तेव्हा काय ओरडत होतो, हे इतक्या वर्षांत एकानेही तिला विचारले नव्हते. ती चित्राजवळ गेली आणि जांभळ्या ओठांवर तिने बोट ठेवले.

"तेवढी बाटली पुसून टाक, बाबा. तोंड माझं उघडंच राहू दे."