ड्रोन आपोआप घरी येतोय की!

ड्रोन उडवणाऱ्या चार माणसांना एकत्र बसवलं की चहा यायच्या आत किस्से सुरू होतात. उडवल्याचे नव्हे हो, पाडल्याचे! नीट उडाला आणि नीट उतरला, यात सांगण्यासारखं काय असतं?

आम्ही चौघं दर रविवारी सकाळी कसबा बावड्याच्या पुढं एका मोकळ्या रानात जमतो. मी सुभाष, माझा फोटो स्टुडिओ आहे. विश्वास, माझा शाळेपासूनचा मित्र, कॅमेरे आणि ड्रोन दुरुस्त करतो. सुनीतावहिनी बिद्रीकडच्या, उसावर औषध फवारायचा ड्रोन चालवतात. आणि आदगोंडा आप्पा, कागलच्या खालच्या अंगाचे बागायतदार, वय सदुसष्ट. आमच्या या बैठकीला विश्वासनं नाव दिलंय, पडझड मंडळ. नियम एकच. ज्यानं ड्रोन पाडला त्यानं चहाच्या आधी सगळं खरं सांगायचं. 'वारा हुता' हे कारण चालत नाही!

हे मंडळ स्थापन झालं ते माझ्यामुळं.

लग्नाचे फोटो काढण्यात माझी तीस वर्षं गेली. बावन्नाव्या वर्षी पहिला ड्रोन घेतला. त्याला समोर डोळे, मागं डोळे, खाली डोळे. आडवं काही आलं तर थांबतो. बॅटरी उतरली किंवा सिग्नल तुटला तर आपला आपण निघालेल्या जागी परत येतो. मी म्हटलं, मग माझं काम काय? दोन दिवस रानात सराव केला आणि तिसऱ्या दिवशी कागलजवळ एका वास्तुशांतीची ऑर्डर घेतली. विश्वास म्हणाला, "सुभ्या, महिनाभर थांब."

मी म्हणालो, "आरं, ड्रोन आपोआप घरी येतोय की!"

संध्याकाळची वेळ. नवा बंगला, मागं पाच-सहा नारळाची झाडं, पलीकडं ऊस. मी ऐटीत ड्रोन उडवला, बंगल्यावरून फिरवला आणि उसावरून लांब नेला. तेवढ्यात स्क्रीनवरचं चित्र गोठलं. सिग्नल गेला! घरमालक घाबरले. "पावणं, गेलं काय वो हातातनं?"

मी हसलो. रिमोट टेबलावर ठेवला. रिमोटमधून बाईचा आवाज आला, इंग्रजीत, परत येतोय म्हणून. पन्नास माणसं माझ्याकडं बघत होती. मी त्यांच्यादेखत जिलेबीचं ताट हातात घेतलं आणि म्हणालो, "बघा आता, कसा सरळ येतोय."

सरळच आला. परतीची उंची मीच ठेवली होती, पंधरा मीटर, कारण सरावात त्याहून वर न्यायला मी घाबरायचो. नारळ होते वीस मीटरचे. मावळतीचं ऊन थेट ड्रोनच्या डोळ्यांत. समोरचं त्याला दिसेना आणि मी जिलेबी खातोय! झावळ्यांत घुसल्याचा आवाज झाला, पंख्यात वैरण अडकल्यासारखा. ड्रोन शेंड्यात अडकून बसला.

आणि वरून एक नारळ सुटला. खाली जिथं पडला, तिथल्या खुर्चीवरून घरमालकांची आई नुकतीच उठून आत गेली होती. खुर्चीची पाठ मोडली. मी जिलेबीचं ताट खाली ठेवलं.

घरमालकांनी एकदा खुर्चीकडं बघितलं, एकदा वर बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "पावणं, नारळ काढायला मानूस हुता की आमच्याकडं!"

दुसऱ्या दिवशी झाडावरून काढलेला ड्रोन घेऊन विश्वासच्या दुकानात गेलो. मला वाटलं, तो यंत्रातला दोष शोधेल. त्यानं उड्डाणाची नोंद उघडून मोबाईल माझ्यापुढं धरला. सिग्नल कमी झालाय. ऊन डोळ्यांवर आहे, अडथळे दिसत नाहीत. उंची तपासा. सगळं लिहिलेलं, सेकंदासकट!

"यंत्रानं तीनदा सांगितलंय," तो म्हणाला. "तू काय करत हुतास?"

मी मुकाट्यानं आदल्या दिवसाचा प्रकार सांगितला. त्यानं एकदाच विचारलं, "म्हातारीला लागलं न्हाय न्हवं?" मग स्क्रू ड्रायव्हर उचलला.

तेव्हापासून मी कुठंही गेलो की आधी मान वर करून गोल फिरतो. सगळ्यात उंच काय आहे ते बघतो आणि परतीची उंची त्याच्याही दहा मीटर वर ठेवतो. लोकांना वाटतं, हा माणूस देवाला नमस्कार करतोय. वाटू दे!

पण शहाणा विश्वाससुद्धा सुटला नाही बरं का.

एका मळ्यात लग्न होतं. मोठा कापडी मंडप, चारी बाजू उघड्या. विश्वाससाहेबांनी बाहेरून ड्रोन उडवला, अलगद मंडपात घातला, माणसांपासून लांब कडेकडेनं नेला. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टका चाललेल्या, शॉट असा की बघत राहावं! त्याच क्षणी बॅटरी उतरली आणि ड्रोनला घराची आठवण झाली. घरी जायचं म्हणजे आधी वर चढायचं, हा त्याचा नियम. वर कापड! त्याला पाठीवर डोळे नव्हते. तो छताला टेकला आणि ढकलायला लागला. कापडाला ढोलाएवढा फुगा आला आणि तो फुगा सरकत सरकत नवरा-नवरीच्या दिशेनं निघाला.

नवरीचे मामा अंतरपाट सोडून काठी शोधायला लागले. विश्वासचं बोट मात्र बरोबर थांबवायच्या बटणावर गेलं. फुगा जागच्या जागी थांबला. सगळा मंडप वर बघतोय. भटजींनीही वर बघितलं आणि सूर न सोडता म्हणाले, "शुभमंगल... सावधान!"

विश्वास सांगतो, "आयुष्यात पाचशे लग्नं बघितली. सावधान म्हटल्यावर सगळी माणसं खरंच सावध झाल्याली तेवढी एकदाच!"

छताखाली जायचं असेल तर 'सिग्नल गेला तर वर चढू नकोस, आहे तिथं थांब' असं ड्रोनला आधीच सांगून ठेवता येतं. बॅटरी उतरायची वाट तर बघायचीच नाही, अर्धी झाली की बाहेर. हे दोन्ही विश्वासला माहीत होतं. मला जसं नारळाचं झाड माहीत होतं, तसंच.

आप्पांची तऱ्हा निराळी. त्यांचं गाव सीमेकडचं, बोलण्यात कानडी हेल. मला 'तम्मा' म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांनी उसाच्या फवारणीला वहिनींना बोलावलं होतं. फवारणीचा ड्रोन म्हणजे चांगलं धूड असतं, टाकी भरली की दोघांनी उचलायचं. उतरायला सपाट जागा पाहिजे म्हणून वहिनींनी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उडवला.

ड्रोन पार उसाच्या पल्याड गेल्यावर आप्पांना ऊन लागलं. त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला आणि ट्रॉली लिंबाच्या सावलीत नेऊन लावली. वहिनींची नजर ड्रोनवर, पाठीमागचं काय दिसणार? मोकळ्या झालेल्या जागेत आप्पांच्या मंडळींनी, म्हणजे काकींनी, ताडपत्री अंथरली आणि जेवणाचे डबे उघडले.

टाकी संपली. ड्रोन परत निघाला. बरोबर जिथून उडाला होता, तिथंच! वरून वारा सुटला तशा भाकरी उडाल्या. काकी डबे सोडून पळाल्या. आप्पा लिंबाखालून बैलाला हाक मारावी तसे ओरडायला लागले, "इकडं! आरं इकडं ये!"

वहिनींनी मागं वळून बघितलं, त्याच क्षणी रिमोटची काडी ओढून ड्रोन वर उचलला, बाजूला नेला आणि बांधावर हातानं उतरवला. आवाज थांबल्यावर आप्पांना म्हणाल्या, "आप्पा, ट्रॉली हलवली ते मला सांगायचं न्हाय व्हय?"

आप्पांनी मान डोलावली. "खरं हाय. घर बदललं तर त्याला नवा पत्ता द्याय पायजे की!"

तेव्हापासून आप्पा दर रविवारी मंडळात येऊन बसतात. आता स्वतः छोटा ड्रोन उडवतात आणि उडवायच्या आधी त्याला मोठ्यानं पत्ता सांगतात.

एक छोटा सांगतो. विमानतळाच्या बाजूला एका हॉलवर साखरपुडा होता. ड्रोन चालू केला, तर जागचा हलेना. त्या भागात उडायचंच नाही, असं त्याच्या आतच भरलेलं असतं. मला ऑर्डर घेतानाच हे बघायला पाहिजे होतं, ते बघितलं नव्हतं. नवऱ्या मुलाचे काका पुढं आले, पांढरे कपडे, हातात दोन फोन. "काय अडचण हाय? वरपर्यंत ओळख हाय आपली. कुणाला फोन लावू?"

मी म्हणालो, "काका, ड्रोनलाच लावा. माझं तर ऐकत नाही!"

आता वहिनींबद्दल. आमच्यात कागदोपत्री पायलट पहिल्यांदा त्या झाल्या. परीक्षेला वीस जण होते, त्यात ह्या एकट्या बाई. बाकीच्यांनी सरावात सगळ्या सोयी वापरलेल्या. काडी सोडली की ड्रोन जागेवर थांबतो, मग काय! परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी त्या सोयी बंद केल्या. आता वारा नेईल तिकडं ड्रोन जाणार, आपण धरून ठेवायचा. एकाचा कुंपणात गेला, एकाचा परीक्षकांच्याच अंगावर आला.

वहिनींनी पदर खोचला आणि ड्रोन हवेत खिळ्यानं ठोकल्यासारखा धरला. आठचा आकडा काढला, उतरवला. परीक्षक चकित! "ताई, आपोआप काहीही नसताना इतकं छान उडवायला कुठं शिकलात?"

"सासरी," वहिनी म्हणाल्या. "तितं कायच आपोआप हुईत न्हाय सर!"

आणि आता पुराचा.

त्या पावसाळ्यात नदी पात्र सोडून बाहेर आली होती. काठच्या एका गावातून माणसं होड्यांनी बाहेर काढली, पण दत्तूआबा नावाचा एक म्हातारा निघाला नाही. म्हैस होडीत मावेना आणि तिला सोडून तो येईना. दोघंही घराच्या स्लॅबवर. गडबडीत आबांच्या हृदयाच्या गोळ्या सुनेच्या पिशवीतून छावणीत गेल्या. सकाळची गोळी चुकली, फोन लागेना, पाण्याला इतकी ओढ की दुपारपर्यंत होडी जाणार नव्हती. बचाव पथकाच्या साहेबांनी आम्हाला बोलावून घेतलं.

पाऊस थांबला होता, पण वारा होता. रस्ता जिथं पाण्यात शिरत होता तिथं आम्ही उभे. शेजारी आबांची सून, हातात रिकामी पिशवी. विश्वासनं माझ्या ड्रोनला खालून दोरी बांधली, टोकाला प्लास्टिकच्या पुडीत गोळ्या. मी रिमोट वहिनींच्या हातात दिला. ड्रोन माझा, पण मला माझी लायकी माहीत होती.

अर्धा किलोमीटर नुसतं गढूळ पाणी. मग स्लॅब दिसला, म्हैस दिसली, आबा दिसले. वहिनींनी ड्रोन खाली आणला. आबांनी पुडीसाठी हात वर केले आणि ड्रोन झटकन वर गेला! पोटाखाली काही आलं की वर सरायचं, ही त्याची सुरक्षा. पुन्हा खाली आणला. आबा टाचा उंचावून उभे, पुन्हा वर. तिसऱ्यांदा आबा चिडून चपलेला हात घालायला लागले.

"खालचे डोळे बंद करते," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, आपटंल!" मी म्हणालो.

"त्याला वाटतंय खाली धोका हाय. खाली आबा हायीत."

बंद केले. तेवढ्यात रिमोट ओरडला. वाऱ्याचा हिशेब धरून यंत्रानं ठरवलं होतं, बॅटरी आता परतीपुरतीच आहे, दहा सेकंदांत निघतो. वहिनींनी ते रद्द केलं. आता त्या ड्रोनला सांभाळणारं कुणी नव्हतं, वहिनींच्या दोन अंगठ्यांशिवाय.

"वहिनी, छत्तीस टक्के. माझं ऐका, आता—"

"भाऊजी, आकडा सांगा. सल्ला नको."

"चौतीस."

दोरी वाऱ्यानं हेलकावत होती. वहिनींनी ती एका बाजूनं आणली, आबांच्या छातीशी. त्यांनी पुडी धरली, दातानं दोरी तोडली. एक गोळी काढून तोंडात टाकली, बाकीच्या बंडीच्या खिशात. माझ्या मागं सून हमसून रडायला लागली. साहेबांनी टोपी काढली.

ड्रोन नंतर नऊ टक्क्यांवर परत आला, मी दोन्ही हातांनी धरला. दुपारी आबांना होडीत घातलं, म्हैस पाणी उतरल्यावर उतरली. ते सगळं झालं. पण ड्रोन वळायच्या आधी आबा दोन पावलं पुढं आले. थेट कॅमेऱ्यात बघितलं. आम्ही सगळे स्क्रीनवर वाकलो. मला वाटलं, म्हातारा आता हात जोडणार.

आबांनी डावा तळहात पसरून कॅमेऱ्यापुढं धरला आणि त्याच्यावर उजवा अंगठा सावकाश, दाबून चोळून दाखवला.

सुनेचं रडं जागच्या जागी थांबलं. पाण्याकडं तोंड करून ती ओरडली, "आबा! डॉक्टरनी बंद केलीया न्हवं!"