माझ्याच इतवारीत पाहुणा

गाइडबाईला मी फोनवर धडधडीत खोटं सांगितलं की मी पुण्याचा आहे. माझा जन्म इथल्याच इतवारीतला, लग्नानंतरचा सगळा संसार रामदासपेठेत, आणि पुण्याशी संबंध म्हणाल तर एका साडूपुरता. पण ओळखीच्या माणसासमोर परीक्षा द्यायची माझी छाती नव्हती.

परीक्षाच होती ती. दिवाळीनंतर एका सकाळी औषधं घेऊन दुकानातून बाहेर पडलो आणि घर कुठल्या हाताला आहे तेच आठवेना. रस्ता तोच, दवाखान्यांच्या पाट्या त्याच, कोपऱ्यावरचा संत्र्यांचा ठेलाही रोजचाच. मी पिशवी घट्ट धरून उभा. थोड्या वेळानं सगळं जागच्या जागी आलं, घरी पोचलो, चहा केला आणि कोणाला काही बोललो नाही. सांगणार तरी कोणाला? बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला. तो कधीचा मागे लागलाय, बाबा, फ्लॅट विकू, तुम्ही इकडे या. मी दर वेळी त्याला झापतो. हे त्याला कळलं असतं तर मिळेल त्या विमानानं येऊन त्यानं मला सामानासकट उचललं असतं.

म्हणून मी स्वतःशी एक ठरवलं. शहीद चौकापासून गल्ल्यागल्ल्यांतून माझ्या शाळेपर्यंत पायी जायचं, कोणालाही न विचारता. वाट बरोबर निघाली तर गप्प बसायचं. चुकली, तर तिथेच उभं राहून पोराला फोन लावायचा, सगळं सांगायचं आणि तो म्हणेल तसं वागायचं.

एकट्यानं जायची मात्र भीती वाटत होती. तुम्हाला हवी तशी शहराची फेरी आखून देऊ, फक्त तुमच्यासाठी, अशी त्या बाईची जाहिरात औषधांच्या दुकानात चिकटवलेली होती. माझी फर्माईश ऐकून कोणीही हसलं असतं. मी पुढे चालणार, तुम्ही मागे. काही दाखवायचं नाही, काही सांगायचं नाही. फाट्यावर चुकलो तरच छत्री जमिनीवर आपटायची. बाई हसली नाही. "हो काका, जमते," एवढंच म्हणाली. तिनं काहीच कसं विचारलं नाही, याचं मला बरंच वाटलं.

शहीद चौकात ती आधीच येऊन थांबली होती. चाळिशीची असेल, पायात खेळाडूंसारखे बूट, हातात लांब दांड्याची छत्री. एवढ्या गर्दीत तिनं मला लांबूनच हात केला. म्हटलं, स्वेटर घातलेलं भेदरलेलं म्हातारं ओळखायला काय अक्कल लागते! चहाच्या टपरीवर तिनं परस्पर सांगून टाकलं, "काकाले बिनसाखरेचा." हे मला खटकलं. आमच्या वयाला हल्ली कोणी साखर विचारतच नाही. मी आपला पुणेरी थाटात चहा फुंकत बसलो. तेवढ्यात वर जेमतेम तिखट रस्सा घातलेली पोह्यांची प्लेट आली आणि तोंडातून निघूनच गेलं, "तर्री टाक न गा अजून, काहून कंजुसी करून राहिला?" बाईनं मान खाली घातली. पुणं तिथंच बुडालं.

मग चालायला लागलो. भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत शिरताच हातगाडीवाल्यांचं "बाजू, बाजू" सुरू झालं. पहिला फाटा आला. उजवीकडे, असं मनानं सांगितलं. पण मनाचा भरवसा उरला असता तर मी इथे आलोच कशाला असतो? उजवीकडे वळलो आणि कान मागे लावून चाललो. खण्णकन आवाज झाला. मागे वळून पाहिलं तर दुकानात कोणीतरी पितळी परात खाली ठेवली होती. बाईची छत्री काखेतच होती. तिनं नुसती मान हलवली, चला म्हणून.

त्यानंतरचे फाटे तसेच गेले. कोणाचं शटर वाजलं, कोणाच्या तराजूतलं वजन पडलं, की मी दचकायचो. ज्या गल्ल्यांतून लहानपणी अनवाणी पळालो, तिथे भिंतीला हात लावत चाललो होतो. स्वतःचीच कीव आली, आणि रागही.

शेवटच्या फाट्यावर मी पार थांबलो. दोन्हीकडे सारखीच नवी काचेची दुकानं. ज्या तेलघाणीवरून वळायचं तिची नावनिशाणी नाही. डोकं रिकामं झालं. मागून एक टेम्पो हॉर्न देत होता, लोक धक्के देत पुढे जात होते, आणि मला रडू येईल की काय असं वाटलं. तोच उजवीकडून नाकाला झोंबणारा मिरचीचा खाट आला आणि मी सटासट शिंकलो. मिरचीची पोती! शाळेत जाताना रोज नाक दाबून आम्ही त्यांच्यासमोरून जायचो. मी उजवीकडे निघालो. छत्री वाजली नाही. थोडं चाललो आणि समोर शाळेचं फाटक.

फाटकाजवळच्या दगडावर मी मटकन बसलो. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. त्या भरात म्हणालो, "बाई, खरं सांगू? मी पुण्याचा नाही."

"माहीत आहे काका."

"तर्रीवरून कळलं न?"

"नाही जी." ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "मागच्या आठवड्यात तुमीच सांगितलं. याच दगडावर बसून."

मी हसलो. ती हसली नाही.

"त्या दिवशी शेवटच्या फाट्यावर तुमी डावीकडे वळले होते. मी छत्री आपटली, मंग मागं फिरून इथं आलो. आज बराबर आले."

"मग मी मुलाला फोन केला?"

"नाही. तुमी म्हणाले, ही फेरी धरायची नाही, पुन्हा एकदा करू." तिनं छत्रीची मूठ दोन्ही हातांत धरली. "तुमचा दुसऱ्यांदा फोन आला तवाच सांगायले पाहिजे होतं मले. वाटलं, काकाच्या ध्यानात असंल, मुद्दामच पुन्हा करून राहिले. पण चौकात तुमी पुन्हा पुण्याचे झाले. अन् काही बोलायचं नाही, हे बी तुमीच सांगून ठेवलं होतं."

शाळेच्या आत पोरं पाढे म्हणत होती. मी खिशातून फोन काढला. मुलाचा नंबर काढला, पण बटण दाबलं नाही. बाईनं घाई केली नाही आणि ती उठूनही गेली नाही.

"आज मी चुकलो नाही," मी म्हणालो.

"नाही चुकले, काका."

मी नंबर लावला. पलीकडून "बोला बाबा" आलं, आणि काय सांगायला फोन केला होता, ते मला अगदी स्वच्छ आठवत होतं.