नकाराची पोच

भावजी,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. बाबांबद्दल चार ओळी लिहा, म्हणून तुमची लेक माझ्या मागे लागली आहे. गोडवे गाणं मला जमत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. झालं ते लिहिते.

निविदा तक्रार मंडळात तुम्ही आवक कारकून. टेंडरमध्ये अन्याय झाला असा कुणी अर्ज दिला की तुम्ही शिक्का मारायचा आणि खात्याला नोटीस पोचवायची. पोचली की निकाल लागेपर्यंत काम बंद. कायदाच तसा. सव्वीस वर्षं हेच. जेवायला बसलात तरी अंगठा जांभळा.

मग सरकारचं परिपत्रक आलं : मंडळ संसदेच्या अखत्यारीतलं आहे, सरकारचं काम थांबवायचा अधिकार घटनेने त्याला दिलेला नाही, नोटिसा मानू नका. त्याच आठवड्यात एक शिवणकामवाली बाई अर्ज घेऊन आली. सरकारी इस्पितळाच्या चादरींसाठी तिचा दर सगळ्यांत कमी, तरी काम दुसऱ्याला. तिची बारा मशिनं नुसती उभी. तुमचे साहेब म्हणाले, "राहू दे अर्ज टेबलावर. विस्तवाशी खेळ कशाला?"

तुम्ही शिक्का मारलात आणि नोटीस घेऊन स्वतः इस्पितळात गेलात. तिथला भांडारपाल कागदाला हात लावेना.

"घेणार नाही म्हणजे नाही!"

"नका घेऊ. तेवढं लिहून द्या."

त्या शहाण्याने लिहून दिलं, 'नोटीस वाचली. स्वीकारली नाही.' खाली सही, तारीख, वर वेळसुद्धा!

घरी मी म्हटलं, "नोकरी गेली की बसा पाटावर शिक्के मारत."

"वहिनी, कायदा घटनेविरुद्ध असेल तर कोर्ट सांगेल. ज्याला थांबवायचं, तोच कसा सांगेल?"

प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा नोटीस मिळालीच नाही, असं खात्याचा वकील म्हणाला. तो कागद पुढे आला. काम थांबलं. दीड वर्षाने कोर्टाने निकाल दिला, तो तुमच्याच म्हणण्यासारखा, आणि चादरी त्या बाईकडे गेल्या. तुमची बढती मात्र अडकली ती अडकलीच. जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं तुम्हाला. चडफडले ती मीच.

निवृत्त झाल्यावर तुम्ही मला उशांची मापं लिहून दिलीत. "त्या बाईंकडून चार अभ्रे शिवून आणा. मी गेलो तर ओळखतील, पैसे घ्यायच्या नाहीत."

"मंगळवारी जाते," म्हटलं. तुम्ही दोनदा आठवण केलीत, दोन्हीदा मी खेकसले. दुकान बसने दोन थांब्यांवर. मी गेले नाही.