घरात पडलेले ठिपके

लेसिएलीताईने कुणाची माफी मागितलेली मी कधी पाहिली नव्हती. पाद्रीबाबांशी बिनसलं तेव्हाही नाही. प्रवचन फार लांबलं म्हणून ती मधेच उठून घरी आली होती. दुसऱ्या दिवशी तेच तिच्याकडे आले. तिने चहा दिला, विषय काढला नाही.

मी सुवाहून साहित्य शिकून परत आले आणि वावाउ बेटावरच्या आमच्या गावातल्या शाळेत शिकवायला लागले. तिच्या घराच्या मागच्या खोलीत राहते. ती पन्नाशी ओलांडलेली, मी तिच्या मुलीहून लहान. ती मला 'पदवी' म्हणते. "पदवी, भांडी राहिलीत." "पदवी, डुक्कर अळूत शिरलंय, हाकल त्याला." एकदा मी तिला एक कविता वाचून दाखवली. तिने डोळे मिटून ऐकली.

"छान आहे," ती म्हणाली. "उत्तर काय?"

सहावीचा वर्ग तिचा. वर्षानुवर्षं तिचाच. गावातल्या निम्म्या माणसांना पाढे तिने शिकवलेत आणि ती माणसं अजून तिच्यासमोर सिगारेट लपवतात. मूल झालं नाही म्हणून शाळेत जीव अडकलाय असं नव्हे, ती म्हणायची, मुलगी आहे मला, ऑकलंडला आहे. पण सकाळी उठायचं कशासाठी तर सहावीसाठी.

यंदा अभ्यासक्रम बदलला. संख्यांच्या आकृतिबंधांचे आलेख सातवीतून सहावीत आले. ती खूश झाली. एक ओळ एकेकाने वाढते, दुसरी दोन-दोनने. शून्याला शून्य, एकाला दोन, दोनाला चार. जोड्या लावायच्या, चौकटीच्या कागदावर ठिपके द्यायचे आणि ते सरळ रेषेत चढताना बघायचे.

"ती रेषा दिसली की पोरं वेडी होतात," ती मला म्हणाली. "तुझ्या कवितेने होणार नाहीत इतकी."

पोरं वेडी झाली नाहीत. ठिपका दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे पडायला हवा. यांचे ठिपके चौकटीच्या पोटात पडत. सगळ्यांचे. तिने फळ्यावर दाखवलं. बोट धरून दाखवलं. अंगणात दोऱ्या ताणून मुलांना उभं केलं, तर मुलं दोऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. शून्य-शून्यचा ठिपका तर कुणी काढतच नव्हतं. फक्त टोकीलुपे नावाच्या मुलीने काढला. कागदाच्या बाहेर, बाकावर, निळ्या शाईने.

"बाकावर का?"

"तिथेच येतो, बाई."

टोकीलुपेने मधल्या सुट्टीत वाळू घेऊन बाक घासला.

मग नेइयाफूच्या शिक्षण कचेरीतून सराव परीक्षेचा निकाल आला. आलेखाच्या प्रश्नाला वर्गात कुणालाच गुण नव्हते. हेडसर फिलिमोने स्वभावाने मऊ माणूस. त्यांनी तिला बाजूला घेतलं, पण व्हरांड्यात कुणाचंच बोलणं लपत नाही.

"लेसिएलीबाई, पुढच्या सत्रापासून सहावीचं गणित मी घेतो. तुम्ही खालचे वर्ग बघा. दमला असाल."

"दमले नाही."

"मग मुलं दमली असतील."

त्या संध्याकाळी पालकसभा होती. ती उठली आणि चर्चच्या दालनात सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमची मुलं बेपर्वा झालीत. डोळे आहेत, पण बघत नाहीत." आयाबापांनी माना खाली घातल्या. घरोघरी काय झालं असेल ते मला दुसऱ्या दिवशी मुलांच्या तोंडांवर दिसलं.

घरी ती जेवली नाही. "सहावी गेली तर मी काय करू, पदवी?" तिने विचारलं. तिला उत्तर हवं होतं. मी तिचं ताट झाकून ठेवलं.

शनिवारी ती टोकीलुपेच्या आईला भेटायला निघाली, बाकाचं सांगायला. मलाही ओढून नेलं. आई घरी नव्हती. बायका एकत्र काम करतात त्या छपराखाली होती, न्गातूचे तुकडे जोडायला.

सालीचं ते कापड आमच्या गावात जन्मल्यापासून अंगाखाली असतं. पण लेसिएलीताई लहानपणी ऑकलंडला वाढली, लग्न करून इथे आली आणि शाळेला लागली. बायका चिकटवायला बसत तेव्हा ती वर्गात असे. तिच्या वाटणीचं काम म्हणून ती दर वेळी पाव आणि चहा पाठवी. कुणी नावं ठेवली नाहीत. पण ती कधी आतही आली नाही.

"आज पाव चालत आला," आकेसा मावशी म्हणाली. बायका हसल्या. मावशी सगळ्यांत मोठी, कापणं तिच्याच हातात.

लांबच लांब न्गातू पसरलेलं होतं. त्याच्यावर आडव्या रेघा आखून घरं पाडलेली, कुणाला द्यायचं तर तितकी मोजून कापायला. आणि कडेला टोकीलुपे पोटावर पडून काळ्या रंगाने आकडे घालत होती. आकडे घालणं आमच्याकडे मुलांचंच काम. पाच, सहा, सात. प्रत्येक आकडा घराच्या बरोबर मधोमध.

लेसिएलीताई बघत राहिली. मग चपला काढून तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली.

"हा सात कुणाचा?"

"ह्या घराचा, बाई."

"आणि ही रेघ?"

"रेघेला काय आकडा असतो?" टोकीलुपे म्हणाली. मग शाळा आठवून पुढच्या घरात आठ घालायला लागली.

"शून्य कुठे आहे?"

आता बायकाही थांबल्या. टोकीलुपेने एक आकड्याच्या घराकडे बघितलं, मग कापडाबाहेर चटईवर बोट ठेवलं. "असतं तर इथे असतं. पण शून्य घर कोण कुणाला देतं?"

"पाद्रीबाबांच्या बायकोला द्यावं," कुणीतरी म्हणालं.

लेसिएलीताई हसली नाही. ती मावशीकडे वळली. "आकेसा, मला चार घरं द्यायची असली तर कुठे कापशील?"

"शाळा शिकलीस ना? चौथं संपतं तिथे. रेघेवर."

"म्हणजे त्या रेघेवर कापलं तर हातात चार."

"चारच. आणि ही अगदी पहिली कड," मावशी कापडाच्या सुरुवातीवर सुरी टेकवून म्हणाली, "इथे कापलं तर हात रिकामा. आणखी काही? खळ वाळतेय."

लेसिएलीताई त्या पहिल्या कडेवरून हात फिरवत राहिली. बाकाचं न सांगताच आम्ही परतलो. फाटकापाशी ती म्हणाली, "बेपर्वा म्हणाले मी त्यांना. ती तर बघत होती. मीच बघितलं नाही."

सोमवारी सकाळी ती खोलीतून बाहेर आली आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला. कमरेला जुनी, विरलेली, फाटकी चटई गुंडाळलेली. गळ्यात इफीच्या पानांची माळ. माफी मागायला हे आमच्यात सरदारापुढे करतात. ज्याच्या घरचं माणूस आपल्या हातून गेलं, त्याच्यापुढे करतात. सहावीपुढे कुणी केलेलं मी ऐकलं नव्हतं.

"ताई, नुसतं सांग ना त्यांना."

"सगळ्या गावासमोर बोलले होते. नुसतं कसं सांगू?"

हेडसर व्हरांड्यात होते. माळ बघून त्यांचा चेहरा उतरला. "बाई, हे करू नका. मुलांपुढे खाली बसलात तर उद्या त्यांच्यापुढे उभ्या कशा राहाल? मग वर्ग मला घ्यावाच लागेल. सत्र संपायची वाटही बघता येणार नाही."

"घ्या," ती म्हणाली. ती आत गेली.

फळ्यासमोर फरशीवर ती मांडी घालून बसली आणि मान खाली घातली. मुलांना काय करावं कळेना. एकेक करत सगळी बाकांवरून उतरली, कारण पानं घातलेल्या माणसासमोर उंचावर बसत नाहीत. हेडसर दारातून मागोमाग आले होते. त्यांनाही बसावं लागलं. मीही बसले.

"मी तुम्हाला बेपर्वा म्हणाले," ती म्हणाली. "तुम्ही घरं मोजत होता. मी रेघा मोजत होते. मी विचारलं नाही. तुमच्या घरच्यांनाही मी हे सांगेन."

माळ काढायची ती दुखावलेल्याने. सगळी मुलं टोकीलुपेकडे बघायला लागली. ती गुडघ्यांवर पुढे सरकली, पण हात वर करायच्या आधी थांबली.

"मग आमचे गुण परत मिळणार, बाई?"

"नाही. ठिपके चुकलेच होते."

टोकीलुपेने विचार केला. "बरं," ती म्हणाली आणि माळ काढली.

लेसिएलीताई उठली नाही. तिथूनच तिने शिकवलं. रेघेवर कापा, हातात किती आली ते रेघेचं नाव. पहिली कड म्हणजे रिकामा हात. आडवं कापायचं, उभं कापायचं, दोन काप मिळतात तिथे ठिपका. मुलं एकेक करून फळ्यापाशी गेली. शून्य-शून्य. एक-दोन. दोन-चार. ठिपके रेघांवर बसत गेले आणि चढायला लागले. मागचा एक मुलगा तोंडातल्या तोंडात "अरे" म्हणाला.

टोकीलुपेने पुढचा खडू हेडसरांसमोर धरला. "सर, उद्यापासून तुम्ही ना? तीन-सहा काढा."

सर उठले, फळ्याशी गेले. तीन मोजले, सहा मोजले आणि ठिपका दिला. चौकटीच्या बरोबर पोटात.

वर्गात कुणी हसलं नाही. मुलांनी हसू दाबलं ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

"सर," लेसिएलीताई फरशीवरून हळूच म्हणाली, "तिथे सुरी घातलीत तर?"

सर फळ्याकडे बघत राहिले. "तिसरं घर मधून फाटेल," ते म्हणाले. त्यांनी तळव्याने ठिपका पुसला. "आकेसा माझी आत्या. आकडे मीही घातलेत, बाई. दहावीपर्यंत."

मग त्यांनी ठिपका रेघांच्या छेदावर दिला आणि खडू तिच्या हातात ठेवला.

"वेळापत्रक आहे तसंच राहील," ते म्हणाले आणि मुलांच्यात परत खाली बसले. "पुढची जोडी घ्या."