मी संध्याकाळची चूल सोडते

आमच्या घरात बाहेरचं खाणं बंद झालं ते देवापुढं पाणी सोडून, आणि त्या वेळी मी स्वयंपाकघरात भगर ढवळत होते. मला कुणी विचारलं नाही. इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना माझं डोकं तापायलंय, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आम्ही जिंतूरला राहतो, तेव्हाही आणि आताही. हे एका कचेरीत कारकून आणि मी बोरीच्या शाळेत शिक्षिका. सकाळी अंधारात उठून चौघांचे डबे करायचे, शैलाच्या वेण्या घालायच्या, दिपूची बटणं लावायची आणि स्टँडकडं पळत सुटायचं. संध्याकाळी परतीची गाडी कधी वेळेवर, कधी उभ्यानं, आणि ते नामांतराचे दिवस असल्यामुळं कुठं बंद, कुठं रास्ता रोको असला तर येईल तेव्हा आपली. जिंतूरला उतरेपर्यंत दिवेलागण झालेली, पाय सुजलेले, ओरडून घसा बसलेला. आणि घरी हे! कचेरीतून कधीचेच येऊन, लुंगी नेसून, पेपर उघडून बसलेले. मी दारात पाऊल टाकलं की पेपरामागून आवाज यायचा, "आलीस का? लय भूक लागली बघ."

म्हणून मी स्टँडसमोरच्या गणपतरावांच्या हॉटेलातून रोज पुडा आणायची. कधी मिरचीची भजी, कधी आलूबोंडे. सोबत सकाळच्या पोळ्या आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. झालं जेवण. पोरं खूश, हे खूश, आणि मला एक तास मिळायचा. भिंतीला टेकून, पाय लांब करून, कुणाशी न बोलता चहा प्यायचा, एवढंच. अख्ख्या दिवसात तेवढाच तास माझा होता. लोकांना वाटायचं बाई भजी घेऊन चालल्या. मी तो तास घेऊन जायची.

मग ह्यांचं पित्त खवळलं. खवळणारच. पुड्यातली निम्मी भजी एकटा माणूस खाणार आणि वर तळलेल्या मिरच्या वेगळ्या मागणार! "जरा कमी खा," असं मी वर्षभर सांगत होते, ते ह्यांच्या कानाला शिवलं नाही. पण ह्यांच्या साहेबांचं पोटाचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून साहेब फायलींपेक्षा हाताखालच्या लोकांची पोटं जास्त तपासायला लागले. साहेब म्हणाले, बाहेरचं तळलेलं म्हणजे विष. साहेबांनी एकदाच सांगितलं, आणि ह्यांना लगेच पटलं. बायकोनं तेच सांगितलं की ती कटकट असते.

आषाढी एकादशीला सुट्टी होती. चातुर्मासात आमच्याकडं प्रत्येकजण काहीतरी सोडतो, कुणी वांगं, कुणी कांदा, कुणी गूळ. देवापुढं ओंजळीत पाणी घ्यायचं, काय सोडलं ते बोलायचं आणि पाणी ताम्हनात सोडायचं. मग कार्तिकीपर्यंत ती वस्तू वर्ज्य. नेम संपला की ती कुणाला तरी दान द्यायची आणि आपण मोकळं व्हायचं. त्या दिवशी ह्यांनी आंघोळ केली, ओंजळीत पाणी घेतलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या घरात चातुर्मासभर हॉटेलचं तळलेलं येणार नाही. माझ्या, बायकोच्या अन् दोन्ही लेकरांच्या नावानं सोडलं."

मी उलथनं हातात घेऊनच बाहेर आले.

"माझ्या नावानं तुम्ही कसं सोडलं?"

"घरच्या कर्त्यानं सोडलं की सगळ्यांनी सोडल्यासारखंच असतंय."

"मग संध्याकाळी खायचं काय?"

"ताजं करायचं की. गरम भाकरी, पिठलं, एखादी पालेभाजी. साधं."

"कोण करणार?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. प्रश्न समजलाच नाही, असा चेहरा होता. "कोण म्हणजे? तूच की. दुसरं कोण हाय इथं करायला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी उलथनं खाली ठेवलं, ह्यांना जरा सरका म्हटलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाले, "मी चातुर्मासभर संध्याकाळची चूल सोडते." (चूल कसली, पंपाचा स्टोव्ह होता. पण देवापुढं स्टोव्ह म्हणायला बरं वाटेना.) आणि दिलं पाणी सोडून.

"अगं, असलं कुणी सोडतं का?"

"सोडलं की. तुमच्या देखतच सोडलं."

"नेम मोड तो."

"तुम्ही आधी तुमचा मोडा."

मोडायची छाती दोघांचीही नव्हती. देवाला मध्ये घेतल्यावर माघार कशी घेणार? पोरं एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होती. भगर तेवढी करपली.

दुसऱ्या दिवशी बोरीहून आले, पिशवी कोपऱ्यात टाकली, पाय लांब केले आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "आता चहा." आणि मला कळलं की चहालाही चूल लागते. रागाच्या भरात मी माझा चहासुद्धा देवाला सोडून बसले होते! ह्यांना चहा येत नव्हता. म्हणजे पिता येत होता. मी डोकं धरून बसले, आणि हे मात्र साळसूदपणे म्हणाले, "मी हॉटेलात जाऊन घोटभर पिऊन येतो. चहा काही तळलेला नसतो." तासानं परत आले ते मिशीला भज्याचा वास घेऊन. खाल्लं नव्हतं, मला माहीत आहे, कढईसमोर बसून नुसता वास घेतला होता. पण मला तेवढंही सहन झालं नाही. त्या रात्री आम्ही चौघांनी गूळ-पोळी खाल्ली.

आठवडाभरातच गणपतरावांनी मला स्टँडवर गाठलं. हातात झारा तसाच.

"बाई, काय चुकलं का आमचं? भज्यात खडा निघाला का?"

"नाही हो. घरी बंद केलंय."

"कामून? तुमचे सर तर रोज येऊन बसायलेत. कढईकडं बघतेत अन् उसासे टाकतेत. गिऱ्हाइकाला वाटायलंय, मीच काही केलं त्यास्नी."

मी काय सांगणार? नेम आहे म्हटलं. त्यावर ते "बरं हाय" म्हणाले खरे, पण त्यांचं तोंड उतरलं. पुढं कितीतरी दिवस मी त्यांच्या हॉटेलासमोरून मान खाली घालून जात होते. सोडलं ह्यांनी आणि तोंड चुकवत होते मी.

अखेर ह्यांनी पिठलं करायचं ठरवलं. स्टोव्हला पंप मारला तो सायकलच्या चाकात हवा भरावी तसा. भडका उडाला, छत काळं झालं आणि ह्यांच्या उजव्या भुवईचे केस गेले. उकळत्या पाण्यात हरभऱ्याच्या डाळीचं पीठ वरून ओतलं, त्याचे लिंबाएवढे गोळे झाले. गोळा फोडला की आत कोरडं पीठ. दिपूनं एक गोळा फोडला, त्याला ठसका लागला, आणि तो म्हणाला, "आई, एकच दिवस नेम मोड ना." मला पाझर फुटला होता, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात हे म्हणाले, "बघ, लेकरांचे हाल व्हायलेत. तुलाच दया नाही." आला तो पाझर तिथंच आटला. मी गोळा पाण्यासोबत गिळला.

पोरं हुशार. ती संध्याकाळी शेजारच्या कौसाबाईंकडं अभ्यासाला जायला लागली आणि अभ्यास नेमका जेवणाच्या वेळेला रंगात यायचा. कौसाबाईंनी त्यांना खाऊ घातलं आणि गल्लीत सांगून आल्या, की बाईंनी चूल बंद केली, लेकरं दारोदार जेवायलीत. सरांनी भजी बंद केली हे मात्र कुणी सांगितलं नाही. नळावर बायका माझ्याकडं बघून बोलायच्या थांबायला लागल्या. एकीनं तर विचारलं, "माहेरी जायलाव का काय बाई?" रोज पहाटे उठून स्वयंपाक करणारी मी, एक वेळची चूल सोडली तर घर मोडायला निघालेली ठरले. त्या दिवशी मी नळाचं पाणी न भरताच घागर घेऊन परत आले, इतका राग आला होता.

मग ह्यांनी शेवटचा उपाय केला. गावाकडं, राणीसावरगावला, आईला निरोप धाडला. निरोप काय होता ते मला सांगितलं नाही, पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरीचं पीठ आणि शेंगांचं गाठोडं घेऊन गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघून मी समजले. ह्यांना तर स्फुरण चढलं होतं. आई येणार, मला चार शब्द सुनावणार आणि स्वतः चुलीपुढं बसणार, असा सरळ हिशेब होता.

आत्याबाईंनी पाय धुतले आणि दोघांना समोर बसवलं. "बोला. आदी दत्ता."

ह्यांनी सगळं सांगितलं. भुवईसुद्धा दाखवली. मग आत्याबाई माझ्याकडं वळल्या.

"चूल सोडली का तू?"

"हो." म्हटलं आज झाकून ठेवायचं नाही. "सकाळची करते. दिवसभर शाळा करते. संध्याकाळी मला एक तास बसायला पाहिजे. ह्यांनी न विचारता तो सोडून दिला. भजी ह्यांची होती, तास माझा होता."

आत्याबाईंनी देवाकडं बघितलं. मला वाटलं, आता खैर नाही.

"म्या लगीन होऊन आले तवापासून चातुर्मास धरायले," त्या हळूच म्हणाल्या. "वांगं सोडलं. कांदा सोडला. एका वर्साला तर मीठ सोडलं. चूलबी सोडता येती, हे मला कुनी सांगितलंच न्हाई."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आई, अगं तू हिला समजावायला आलीस ना?"

"देवापुढं पानी सोडलंय दोगांनी. मोडायचं कुनीच न्हाई. ऊठ, पाट घे अन् बस चुलीम्होरं."

"मी?"

"मंग मी? मी पावणी हाय. आन् पीठ आदी गार पान्यात कालवायचं आस्तंय, लेका."

आणि माझ्या सासूबाई पाटाशेजारी पाय लांब करून बसल्या आणि लेकाला पिठलं शिकवायला लागल्या. लसूण ठेच. फोडणी जळायलीय. हलव, हात कामून थांबला. मी भिंतीला टेकून ऐकत होते. पहिला चहा त्यांनी ह्यांच्याकडून करून घेतला तो माझ्यासाठी. चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहावा, पण मी शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.

आत्याबाई चार दिवसांनी गावाकडं गेल्या, आणि दिवाळीला पुन्हा आल्या त्या कार्तिकीपर्यंत राहिल्या. नेम सुटायच्या दिवशी ह्यांनी गणपतरावांकडून टोपलंभर भजी आणली आणि गल्लीतल्या पोरांना वाटून टाकली. गणपतरावांनी वरून मिरच्या फुकट दिल्या आणि स्वतः वाढायला आले. हे मोकळे झाले. मी निवांत होते, तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "तुजं काय? तू बी सोडलेलं दान दे."

"चूल कशी दान देऊ, आत्याबाई?"

"पान्यानं सोडली, पान्यानंच दे." त्यांनी माझ्या हातात सुपारी ठेवली. "दत्ता, हिच्याम्होरं बस."

सगळ्या गल्लीदेखत, गणपतरावांच्या आणि कौसाबाईंच्या साक्षीनं मी स्टोव्हवर सुपारी ठेवली, पाणी सोडलं आणि संध्याकाळची चूल ह्यांना दान दिली. तोंडात भजं होतं म्हणून ह्यांना नाही म्हणता आलं नाही. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "दिलेलं दान वापस घ्यायचं नसतंय." आणि पदर सावरत गाठोडं बांधायला आत गेल्या.

तेव्हापासून आमच्याकडं संध्याकाळचा स्वयंपाक हे करतात. आता तुम्ही म्हणाल, मग राग कशाचा? सांगते. मी इतकी वर्षं दोन्ही वेळा रांधलं, तेव्हा गल्लीतल्या एकाही माणसानं तोंडातून शब्द काढला नव्हता. ह्यांनी पिठलं केलं, नुसतं पिठलं, तर कौसाबाई म्हणाल्या, "बाई, नशीब काढलंत." साहेबांनी कचेरीत कौतुक केलं. हे तर मला पोळ्या कशा लाटाव्यात ते सांगायला लागले. आणि रोज पिठलं! पावसाळ्यात पिठलं, उन्हाळ्यात पिठलं, पाहुणे आले की पातळ पिठलं. बदल सुचवला की म्हणतात, "चूल माझी आहे. तू दान दिलीस."

आमच्या घरात त्या वर्षापासून बाहेरचं बंद आहे, असं हे ज्याला त्याला अभिमानानं सांगतात. ते खरंच आहे. घरात मी भज्याचा एक तुकडासुद्धा आणलेला नाही. गाडीतून उतरले की गणपतरावांच्या कढईपाशी, भिंतीकडं तोंड करून, उभ्या उभ्याच खाऊन येते. घरी तेच पिठलं खायचं म्हणजे पोटाला आधी काहीतरी आधार लागतो.